मराठी रेडिओवरील चित्रपटेतर संगीत

मराठी रेडिओवरील चित्रपटेतर संगीत म्हणजे चित्रपटासाठी न रचलेले आणि मुख्यतः नभोवाणीच्या माध्यमातून श्रोत्यांपर्यंत पोहोचलेले मराठी संगीत होय. भावगीत, भक्तिगीत, अभंग, नाट्यसंगीत, शाहिरी, लोकगीत आणि अलीकडच्या काळातील स्वतंत्र गाणी यांचा त्यात समावेश होतो. रेडिओवर चित्रपटगीतांना किती वेळ द्यावा, त्यांना पर्याय म्हणून कोणते संगीत वाजवावे आणि हा निर्णय कोणी घ्यावा, या प्रश्नांवर शासन, प्रसारण संस्था, कलावंत आणि श्रोते यांच्यात १९५० च्या दशकापासून मतभेद होत आले आहेत. आरंभी हा वाद शासकीय धोरणाविषयी होता, २००० नंतर तो खासगी एफएम वाहिन्यांच्या व्यापारी निवडीविषयी झाला. दोन्ही टप्प्यांत श्रोत्यांनी पत्रांद्वारे आणि पुढे आंतरजालावर आपली बाजू मांडली. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील माणदेश परिसराचा या इतिहासाशी कवी, गायक आणि सामुदायिक रेडिओ अशा तिन्ही अंगांनी संबंध आहे.

संज्ञा

आकाशवाणीच्या परिभाषेत शास्त्रीय संगीताव्यतिरिक्तच्या हलक्याफुलक्या, काव्यप्रधान गायनासाठी ‘सुगम संगीत’ ही संज्ञा वापरली जाते. मराठीत तिच्या केंद्रस्थानी भावगीत आहे. लोकसंगीताचा आकाशवाणीवर स्वतंत्र विभाग असतो. ‘चित्रपटेतर’ किंवा बोलीतील ‘गैरफिल्मी’ हा शब्द या सर्वांना एकत्र कवेत घेतो, परंतु तो नकारात्मक व्याख्येवर आधारलेला आहे. एखादे गीत काय आहे यापेक्षा ते काय नाही, एवढेच त्यातून कळते.

ही सीमारेषा व्यवहारात स्पष्ट राहत नाही. संतांचे अभंग चित्रपटांतही आले आणि आकाशवाणीवर स्वतंत्रपणेही गायिले गेले. ग. दि. माडगूळकर, सुधीर फडके, श्रीनिवास खळे यांसारख्या गीतकार-संगीतकारांनी दोन्ही क्षेत्रांत काम केले. त्यामुळे चित्रपटगीत आणि चित्रपटेतर गीत यांतील भेद सांगीतिक गुणांपेक्षा निर्मितीच्या आणि प्रसारणाच्या व्यवस्थेशी अधिक निगडित आहे, असे म्हणता येते.

पार्श्वभूमी

भारतात नियमित प्रसारणाचा प्रारंभ २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राच्या उद्घाटनाने झाला. हे केंद्र दीड किलोवॉट क्षमतेचे होते आणि त्याचे प्रसारण सुमारे ४८ किलोमीटरच्या परिघात ऐकू येई. कंपनी १९३० मध्ये बंद पडल्यावर प्रसारण सरकारच्या ताब्यात गेले आणि जून १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. महाराष्ट्रात पुढे नागपूर (१६ जुलै १९४८), पुणे (२ ऑक्टोबर १९५३) आणि सांगली (६ ऑक्टोबर १९६३) ही केंद्रे सुरू झाली.

मराठी भावगीत याच काळात आकाराला आले. रविकिरण मंडळातील कवींनी आपल्या कविता जाहीरपणे गाऊन दाखवण्याची प्रथा पाडली होती. ध्वनिमुद्रिका आणि गजानन वाटवे यांच्यासारख्या गायकांचे जाहीर कार्यक्रम यांमुळे कवितागायनाला श्रोतृवर्ग मिळाला. स्वातंत्र्यानंतर आकाशवाणीला चित्रपटगीतांखेरीज अन्य गाण्यांची गरज भासू लागली, तेव्हा मराठीत असा एक प्रकार आधीपासून लोकप्रिय होता. ही परिस्थिती पुढील घडामोडी समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे.

केसकरांचे धोरण आणि त्यावरील वाद

१९५२ मध्ये पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. केसकर स्वतः हिंदुस्थानी संगीताचे अभ्यासक होते. राजाश्रय संपल्यानंतर शास्त्रीय संगीताला आश्रय देण्याची जबाबदारी नभोवाणीची आहे आणि पाश्चात्त्य वळणाची चित्रपटगीते जनतेची अभिरुची बिघडवतात, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या कार्यकाळात चित्रपटगीतांच्या प्रसारणवेळेवर दहा टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. गीत वाजवताना चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते, या कारणाने ते सांगणेही बंद झाले. त्यावर चित्रपटनिर्मात्यांनी आकाशवाणीला दिलेली परवानगी काढून घेतली आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

त्याच वर्षी २० जुलै रोजी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कलावंतांची ध्वनिचाचणी घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत कडक करण्यात आली आणि सुगम संगीताची निर्मिती आकाशवाणीने स्वतःच करावी यासाठी केंद्रांवर व्यवस्था उभारण्यात आली. चित्रपटगीतांना पर्याय म्हणून कवींकडून गीते लिहून घेणे, ती संगीतबद्ध करणे आणि आकाशवाणीच्या गायकांकडून गाऊन घेणे, असे या योजनेचे स्वरूप होते.

श्रोत्यांनी या धोरणाला दिलेला प्रतिसाद लघुलहरींवरून व्यक्त झाला. रेडिओ सिलोनच्या हिंदी सेवेवर चित्रपटगीते उपलब्ध होती आणि भारतातील अनेक श्रोते तिकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेली, अमीन सयानी यांनी सादर केलेली ‘बिनाका गीतमाला’ या बदलाचे प्रतीक ठरली. अमीन सयानी यांनी सांगितल्यानुसार पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली होती. कोणते गाणे कितव्या पायदानावर असावे यावर घरोघरी चर्चा होऊ लागली आणि गाण्यांचा क्रम हा श्रोत्यांच्या वादाचा विषय बनला.

अखेर शासनाला माघार घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ ही मनोरंजनपर सेवा सुरू झाली आणि चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिरातींचे प्रसारण सुरू झाले. त्यामुळे लोकप्रियता आणि उत्पन्न यांची प्रथमच आकाशवाणीच्या आत सांगड बसली.

केसकरांच्या धोरणाचे मूल्यमापन दोन प्रकारे होते. एका मतानुसार ते अभिरुची लादण्याचा अयशस्वी प्रयत्न होते, कारण श्रोत्यांनी रेडिओची सुई फिरवून आपला निर्णय दिला. दुसऱ्या मतानुसार ज्या भाषांत काव्यगायनाची परंपरा समर्थ होती, तेथे या धोरणाने टिकाऊ निर्मितीला अवकाश मिळवून दिला, आणि मराठी हे त्याचे उदाहरण मानले जाते. दोन्ही मतांत तथ्य आहे. चित्रपटगीतांना दूर ठेवण्याचा हेतू सफल झाला नाही, परंतु त्यांच्या शेजारी नवे काही निर्माण करण्याचा हेतू मराठीपुरता बराच सफल झाला.

गीतरामायण

या यशाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘गीतरामायण’. पुणे केंद्राचे तत्कालीन अधिकारी सीताकांत लाड यांच्या प्रेरणेने ग. दि. माडगूळकर यांनी रामकथेवर गीतमालिका लिहिली आणि सुधीर फडके यांनी ती संगीतबद्ध केली. पहिले गीत शुक्रवार, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी प्रसारित झाले. वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे ५२ गीतांची योजना होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली आणि मालिका एप्रिल १९५६ मध्ये पूर्ण झाली. सुधीर फडके यांच्याबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक, ललिता फडके आदी गायकांनी त्यातील गीते गायिली.

प्रत्येक गीत नियोजित दिवशी प्रसारणासाठी तयार असणे आवश्यक असल्याने कवी, संगीतकार, गायक आणि केंद्राचे कर्मचारी यांना वर्षभर एका वेळापत्रकाला बांधून राहावे लागले. प्रसारणाच्या वेळी ज्यांच्या घरी रेडिओ आहे त्यांच्याकडे शेजारीपाजारी जमत आणि रेडिओसंचाला हार घातला जाई, अशा आठवणी मोठ्या प्रमाणावर नोंदल्या गेल्या आहेत. चित्रपटगीतांवरील निर्बंधांच्या काळातच ही मालिका घडली. मात्र तिच्या लोकप्रियतेचे कारण निर्बंधांत शोधणे अपुरे ठरते. रामकथेची ओळख, प्रासादिक भाषा आणि रागाधारित पण सहज गुणगुणता येतील अशा चाली यांचा त्यात मोठा वाटा होता.

नभोवाणीवरील भावगीत

गीतरामायणाच्या पाठोपाठ नव्या भावगीतांचे नियमित कार्यक्रम रूढ झाले. मुंबई केंद्रावरील ‘भावसरगम’ आणि पुणे केंद्रावरील ‘स्वरचित्र’ ही त्यांपैकी प्रसिद्ध नावे होत. या कार्यक्रमांत नवे गीत ठरावीक काळ पुन:पुन्हा ऐकवले जाई, त्यामुळे ध्वनिमुद्रिका विकत घेऊ न शकणाऱ्या श्रोत्यांनाही ते पाठ होई. मंगेश पाडगावकर, यशवंत देव, श्रीनिवास खळे, अरुण दाते यांची अनेक गीते प्रथम आकाशवाणीवरून लोकांपर्यंत गेली. पाडगावकर आणि देव हे स्वतः काही काळ आकाशवाणीच्या सेवेत होते. पुणे केंद्रात राम फाटक यांनी भीमसेन जोशी यांच्याकडून अभंग आणि भावगीते गाऊन घेतली. सुधीर मोघे यांचे एक गीत ‘स्वरचित्र’साठी प्रथम भीमसेन जोशी यांनी गायिले आणि पुढे ते सुधीर फडके यांच्या आवाजात अधिक परिचित झाले. या दोन गायनांपैकी सरस कोणते, यावर रसिकांत आजही मतभेद आढळतात.

महाराष्ट्राचे राज्यगीतही चित्रपटेतर संगीताच्या याच प्रवाहातील आहे. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी संगीतबद्ध केलेले हे गीत सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यातील पसरणी येथे जन्मलेल्या शाहीर साबळे यांनी गायिले. २०२३ मध्ये राज्य शासनाने ते राज्यगीत म्हणून स्वीकारले.

लोकसंगीत, भजन आणि हार्मोनियमचा प्रश्न

सुगम संगीताला मिळालेले स्थान लोकसंगीताला त्याच प्रमाणात मिळाले नाही, ही जुनी तक्रार आहे. ग्रामीण कार्यक्रम, स्त्रियांसाठीचे कार्यक्रम आणि मुंबई केंद्रावरील ‘कामगार सभा’ यांतून पोवाडे, भारुडे, गवळणी, गोंधळगीते आणि लोकगीते ऐकवली जात. गिरणगावातील श्रोत्यांत सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून आलेल्या कामगारांची संख्या मोठी होती. त्यांच्या दृष्टीने या कार्यक्रमाचे मोल गावाकडचे गाणे शहरात ऐकायला मिळण्यात होते.

ध्वनिचाचणी आणि श्रेणी यांची पद्धत शास्त्रीय गायनाला समोर ठेवून घडलेली होती. स्टुडिओत ठरलेल्या मिनिटांत गाणे बसवणे, ध्वनिक्षेपकापासून विशिष्ट अंतरावर उभे राहणे आणि शब्द आधी लिहून देणे या अटी रात्रभर चालणाऱ्या भजनाला, जागरणाला किंवा उत्स्फूर्त ओवीला जाचक ठरत. परिणामी रेडिओवर येणारे लोकसंगीत पुष्कळदा संपादित आणि संक्षिप्त रूपात येई.

हार्मोनियमवरील बंदी हा या संदर्भातील आणखी एक मुद्दा होय. या वाद्याचे स्वर स्थिर असल्याने त्यातून भारतीय श्रुती आणि मींड व्यक्त होत नाहीत, या युक्तिवादावर ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमच्या वापरास मनाई केली. ही मनाई १९७० च्या दशकाच्या आरंभी शिथिल झाली. महाराष्ट्रातील भजनी मंडळे, कीर्तनकार आणि तमाशाचे फड यांच्यासाठी पेटी हे नित्याचे साथीचे वाद्य होते. त्यामुळे तीन दशके गावातील देवळात ऐकू येणारे भजन आणि रेडिओवर ऐकू येणारे भजन यांच्या साथीत फरक राहिला.

श्रोत्यांचा सहभाग

टपाल हे दीर्घकाळ श्रोत्यांचे मुख्य साधन होते. ‘आपली आवड’सारख्या मराठी फर्माईशी कार्यक्रमांत श्रोत्यांच्या पत्रांवरून गीते निवडली जात आणि पत्रलेखकांची नावे गावासह वाचली जात. पोस्टकार्ड स्वस्त असल्याने खेड्यातील श्रोताही त्यात भाग घेऊ शके. आपले आणि आपल्या गावाचे नाव रेडिओवर उच्चारले जाणे हा त्यातील मोठा आनंद होता, आणि अनेक गावांत श्रोत्यांचे गट एकत्रितपणे फर्माईश पाठवत.

या पत्रांतून पसंतीबरोबर नापसंतीही व्यक्त होई. तीच ती गाणी पुन्हा लागतात, शास्त्रीय संगीत फार होते, नाट्यसंगीत कमी होते, निवेदक गीतकाराचे नाव सांगत नाहीत, अशा स्वरूपाच्या तक्रारी श्रोते करीत आणि पत्रोत्तराच्या कार्यक्रमांतून केंद्रे त्यांना उत्तरे देत. प्रसारणाविषयीचा वाद प्रसारणातच मांडला जाणे हे आकाशवाणीच्या या काळातील वैशिष्ट्य होते.

खासगी एफएम आणि मराठी गाण्यांचा वाद

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. २००१ पासून खासगी एफएम केंद्रे सुरू झाली आणि २००२ मध्ये ती मुंबईत आली. मुंबईतील ‘गो ९२.५’ या केंद्राने प्रारंभी इंग्रजी संगीतावर भर दिला होता, परंतु पुढे नाव बदलून ते हिंदी चित्रपटगीतांकडे वळले. शहरातील बहुतेक केंद्रांची निवड अशीच एकसारखी होत गेली.

या एकसारखेपणाची कारणे मुख्यतः आर्थिक होती. पहिल्या टप्प्यातील परवाना शुल्क लिलावात ठरलेले आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारे होते. दुसऱ्या टप्प्यात त्याऐवजी एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा घेण्याची पद्धत आली. उत्पन्न जाहिरातींतून येत असल्याने जास्तीत जास्त श्रोत्यांना परिचित असलेली गाणी वारंवार लावणे केंद्रांना सुरक्षित वाटे. संगीत कंपन्यांना द्यावयाच्या स्वामित्वधनावरूनही दीर्घकाळ तंटा चालला. ऑगस्ट २०१० मध्ये स्वामित्वाधिकार मंडळाने ते निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवले.

महाराष्ट्राच्या राजधानीतील खासगी वाहिन्यांवर मराठी गाणी जवळपास ऐकू येत नाहीत, ही तक्रार याच काळात तीव्र झाली. संगीतकार कौशल इनामदार यांनी सांगितल्यानुसार, मराठी गाणी लावल्यास वाहिनीची प्रतिमा खालच्या दर्जाची होईल, असे कारण त्यांना एका रेडिओ केंद्रावर ऐकावे लागले. त्याला उत्तर म्हणून त्यांनी सुरेश भट यांच्या मराठी भाषेविषयीच्या कवितेला चाल लावून ‘मराठी अभिमानगीत’ सिद्ध केले. लोकांकडून वर्गणी जमवून तयार झालेल्या या गीतात ११२ प्रस्थापित गायक आणि ३५६ समूहगायक सहभागी झाले. २७ फेब्रुवारी २०१० रोजी, मराठी भाषा गौरव दिनी, ठाणे येथे त्याचे लोकार्पण झाले. मराठी गाणी लावण्याची मागणी राजकीय पातळीवरही झाली आणि कालांतराने अनेक केंद्रांनी मराठी गाण्यांना जागा दिली.

या वादात एक अंतर्गत मतभेदही होता. काहींच्या मते मागणी मराठी गाण्यांची होती, मग ती चित्रपटातील असोत वा नसोत. इतरांचे म्हणणे असे होते, की मराठी चित्रपटांतील ताजी गाणी लावून भाषेचा प्रश्न सुटतो, पण संगीताचा सुटत नाही. चित्रपटाच्या प्रसिद्धीचा आधार नसलेल्या नव्या गायकाला रेडिओचे दार बंदच राहते. १९५२ च्या तुलनेत येथे भूमिकांची अदलाबदल झालेली दिसते. तेव्हा शासनाने चित्रपटगीते रोखली होती आणि श्रोते ती मागत होते. आता बाजाराने चित्रपटेतर गीते बाजूला सारली होती आणि श्रोत्यांतील एक गट ती मागत होता.

उपग्रह रेडिओ

याच सुमारास ‘वर्ल्डस्पेस’ या कंपनीची उपग्रहाद्वारे चालणारी, वर्गणी भरून ऐकावयाची रेडिओ सेवा भारतात उपलब्ध होती. तिच्यावर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतासाठी ‘गांधर्व’, कर्नाटक संगीतासाठी ‘श्रुती’ आणि मराठी संगीतासाठी ‘सुरभी’ अशा स्वतंत्र वाहिन्या होत्या. जाहिरातींऐवजी वर्गणीवर अवलंबून असल्याने अल्पसंख्य श्रोत्यांच्या आवडीलाही तेथे पूर्ण वेळ मिळे. कंपनी आर्थिक अडचणीत आल्याने ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा बंद झाली आणि ग्राहकांनी विकत घेतलेले विशेष संच निरुपयोगी ठरले. सेवा बंद झाल्यावर तिच्या श्रोत्यांनी आंतरजालावर व्यक्त केलेली हळहळ मोठी होती. चोखंदळ श्रोता पैसे देण्यास तयार असला तरी त्याच्या संख्येवर सेवा टिकत नाही, असा निष्कर्ष काहींनी काढला. इतरांनी दोष कंपनीच्या जागतिक कर्जबाजारीपणाला दिला.

आंतरजालावरील चर्चा

आंतरजालाच्या प्रसारानंतर पत्रांतील चर्चा तेथे गेली. १९९० च्या दशकात भारतीय संगीताला वाहिलेल्या यूझनेट गटांवर परदेशस्थ भारतीय रसिक गीतांचे शब्द, संगीतकारांची नावे आणि प्रथम प्रसारणाचे तपशील यांवर वाद घालीत. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’सारख्या मराठी संकेतस्थळांमुळे ही चर्चा मराठीतून होऊ लागली. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने मराठी गीतांचे शब्द आणि श्रेयनामावली एकत्र आणली.

या चर्चांत काही विषय वारंवार येतात. जुन्या आकाशवाणीची अभिरुची खरोखर उच्च होती की पर्याय नसल्याने ती तशी वाटते, भावगीताचा सुवर्णकाळ संपला की त्याला प्रसारणाचा आधार उरला नाही, निवड जाणकारांनी करावी की मोजणीने ठरावी, हे त्यांपैकी प्रमुख होत. वाद कडवट झाले तरी त्यांचा एक टिकाऊ उपयोग झाला. एखादे गीत चित्रपटातील की आकाशवाणीवरील, मूळ गायक कोण, अशा प्रश्नांची उत्तरे शोधताना रसिकांनी घरगुती ध्वनिफितींवर रेडिओवरून उतरवून घेतलेली गाणी पुढे आणली.

माणदेश परिसर

सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव तालुके, सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुका आणि लगतचा दुष्काळी प्रदेश माणदेश म्हणून ओळखला जातो. येरळा नदीकाठचे वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्यालय आहे. गीतरामायणाचे कवी ग. दि. माडगूळकर यांचा जन्म आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे झाला. हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता आणि त्यांचे काही शिक्षण खटाव तालुक्यातील औंध येथे झाले. त्यांचे बंधू, लेखक व्यंकटेश माडगूळकर यांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात अनेक वर्षे काम केले. औंध संस्थानाच्या आश्रयाने गायलेले अंतूबुवा जोशी यांचे पुत्र, गायक आणि व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी यांनीही आकाशवाणीत सेवा केली. औंध येथील संगीत महोत्सवाला १९४० पासूनची परंपरा आहे.

परिसराचे स्वतःचे संगीत मात्र दुसऱ्या प्रकारचे आहे. धनगरी ओव्या आणि ढोलाच्या तालावरील गजी नृत्य, जात्यावरच्या ओव्या, भेदिक शाहिरी, भारूड आणि एकतारी भजन हे त्याचे प्रमुख प्रकार होत. सांगली केंद्राच्या १२५१ किलोहर्ट्झवरील मध्यम लहरींच्या प्रसारणाने आणि नंतर साताऱ्याच्या एफएम केंद्राने या भागातील भजनी मंडळे आणि लोककलावंतांना पुणे-मुंबईपेक्षा जवळचे व्यासपीठ मिळाले. खासगी एफएमचे परवाने शहरनिहाय लिलावाने दिले जात असल्याने वडूजसारख्या तालुक्याच्या गावांना त्यांचा थेट लाभ झाला नाही.

सामुदायिक रेडिओ

नोव्हेंबर २००६ च्या धोरणानुसार स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवण्याची परवानगी मिळाली. अशा केंद्राची प्रसारणशक्ती सर्वसाधारणपणे १०० वॉट असते आणि त्याचे प्रसारण दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात पोहोचते. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले असावेत अशी अट असून जाहिरातींवर तासाला ५ मिनिटांची मर्यादा मूळ धोरणात होती.

माण तालुक्यातील म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे ९०.४ मेगाहर्ट्झवरील केंद्र सुरू केले. शेती, आरोग्य, बचत या विषयांबरोबर स्थानिक स्त्रियांच्या ओव्या, भजने आणि लोकगीते त्यावरून प्रसारित होतात. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात जालिहाळ येथे येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीचे ‘येरळावाणी’ हे केंद्र आहे. या केंद्रांवर गाणाऱ्या व्यक्तीला श्रेणीची गरज नसते. तिची भाषा बोलीतली असते आणि गीत अनेकदा तिने स्वतः रचलेले किंवा आईकडून शिकलेले असते.

सामुदायिक रेडिओमुळे चित्रपटेतर संगीताच्या वादाला वेगळे वळण मिळाले. येथे लोकसंगीत चित्रपटगीताचा पर्याय म्हणून वरून दिलेले नसते. ते गावाचे रोजचे गाणे म्हणून येते. तथापि मर्यादाही स्पष्ट आहेत. म्हसवडचे प्रसारण त्याच माणदेशातील वडूजपर्यंत या कक्षेत पोहोचत नाही. उत्पन्नाची साधने तोकडी असल्याने केंद्रे चालक संस्थेच्या आर्थिक बळावर अवलंबून राहतात.

वादाचे प्रमुख मुद्दे

निवडीचा अधिकार : शासन, जाहिरातदार, जाणकार निर्माता आणि श्रोता यांपैकी अंतिम निवड कोणाची, हा मूळ प्रश्न आहे. चित्रपटगीतांना विरोध करणाऱ्यांनी जाणकारांवर, तर समर्थकांनी संख्येवर भर दिला.

परिचयाचा प्रश्न : श्रोत्याला जे ऐकवले जाते तेच त्याला आवडू लागते, असा चित्रपटेतर संगीताच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद आहे. ‘भावसरगम’ आणि ‘स्वरचित्र’ यांतील गीते पुनरावृत्तीने लोकप्रिय झाली, हा त्याचा पुरावा म्हणून दिला जातो. हाच पुरावा विरुद्ध बाजूनेही वापरता येतो, कारण खासगी केंद्रेही पुनरावृत्तीनेच गाणी लोकप्रिय करतात.

प्रतिनिधित्व : भावगीताचे कवी, संगीतकार आणि गायक बव्हंशी शहरी मध्यमवर्गातील होते. त्यामुळे सुगम संगीताला सर्व मराठी भाषकांचे संगीत म्हणावे काय, असा आक्षेप लोकसंगीताच्या बाजूने घेतला जातो.

जतन आणि सद्यस्थिती

ध्वनिमुद्रिका निघालेली भावगीते आजही उपलब्ध आहेत. परंतु ज्या गीतांचे अस्तित्व केवळ प्रसारणापुरते होते, त्यांचे भवितव्य केंद्रांच्या ध्वनिफितींवर अवलंबून राहिले. चुंबकीय फिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याची प्रथा जगभरातील प्रसारण संस्थांत होती. लोककलावंतांच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर ठरते, कारण त्यांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका सहसा निघालेली नसते आणि रेडिओवरील नोंद हीच एकमेव नोंद असू शकते.

प्रसार भारतीने आपल्या संग्रहातील निवडक संगीत प्रकाशित केले असून २६ जानेवारी २०१६ पासून शास्त्रीय संगीताची ‘रागम’ ही चोवीस तास चालणारी वाहिनी सुरू आहे. आकाशवाणीच्या अनेक केंद्रांचे प्रसारण भ्रमणध्वनीवरील उपयोजनातून ऐकता येत असल्याने मुंबईची ‘अस्मिता’ वाहिनी किंवा सांगली केंद्र ऐकण्यासाठी त्या परिघात राहण्याची गरज उरलेली नाही. नवे स्वतंत्र संगीतकार आपली गाणी थेट आंतरजालावर प्रकाशित करतात. श्रोत्याला आता हवे ते गाणे हवे तेव्हा मिळते. न मागता, ठरलेल्या वेळी, गावातील सर्वांना एकाच वेळी ऐकू येणारे अनोळखी गाणे मात्र दुर्मीळ झाले आहे. गीतरामायण असेच पोहोचले होते आणि म्हसवडच्या ओव्या आजही काही किलोमीटरच्या परिघात तशाच पोहोचतात.